घाटावरचा हिवाळा, घाटाखालचा निवडुंग

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाची चौकशी गावाच्या नावापाशी थांबत नाही. घाटावरचा की घाटाखालचा, हे कळल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. वऱ्हाडाच्या जुन्या दफ्तरांत याच वाटणीला बालाघाट आणि पाईनघाट म्हणत. सोयरीक जुळवताना, उमेदवारी वाटताना, एखादे सरकारी कार्यालय कुठे व्हावे यावरून भांडताना ही वाटणी हटकून वर येते. गच्चीत निवडुंगाच्या कुंड्या मांडणाऱ्यालाही ती चुकत नाही. फक्त तिथे ती लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट लागू होते.

"घाटावर लय थंडी राह्यते बा," असे मलकापूरचा माणूस डिसेंबरात राजूर घाट चढताना सांगतो. दिवसाढवळ्या ते खरेही आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर, मलकापूर त्याच्या जवळजवळ ४०० मीटर खाली. एवढ्या चढाला दुपारचा पारा दोन-अडीच अंशांनी उतरतो. विदर्भातले थंड हवेचे गाव ही बुलढाण्याची ख्याती यातूनच आली. पण रात्रीचा हिशेब निराळा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन भराभर उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उताराने खाली सरकू लागते. सातपुडा आणि अजिंठ्याची डोंगररांग यांच्यामध्ये पूर्णेचे सखल खोरे पसरले आहे. हा गारवा तिथे येऊन साचतो. म्हणूनच हिवाळ्यात कितीदा तरी हवामान खात्याच्या तक्त्यात खोऱ्यातल्या अकोल्याचे किमान तापमान डोंगरावरच्या बुलढाण्यापेक्षा खाली दिसते. नांदुऱ्याच्या उघड्या शिवारातली कुंडी पहाटे चार वाजता जेवढी गारठते, तेवढी बुलढाण्याच्या गच्चीतली गारठेलच असे नाही. घाटावरच्या कुंडीला त्रास होतो तो वाऱ्याचा.

आता निवडुंग म्हटले की डोळ्यांपुढे काटेरी गोळा येतो आणि घरात काटेरी झाड नको म्हणणारी आजीही आठवते. गंमत अशी की त्याच आजीच्या अंगणात बहुधा एक निवडुंग असतोच, आणि तो फुलला की ती आळीतल्या बायकांना बोलावून त्याला हळदकुंकू वाहते. तिच्या लेखी ते ब्रह्मकमळ. खरे ब्रह्मकमळ हिमालयात बर्फाच्या कडेला उगवणारे, उत्तराखंडाचे राज्यपुष्प. आपल्याकडे पावसाळ्याच्या रात्री ज्याच्या उमलण्याची वाट बघत घर जागे राहते, ते दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलातून आलेले झाड आहे, आणि ते निवडुंगाच्या कुळातले आहे. त्याची पाने म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती चपटी झालेली खोडे. म्हणूनच त्यांच्या कडांना खाचा असतात आणि कळी त्या खाचेतून बाहेर येते. मूळ ठिकाणी ते मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, कुजलेल्या पानांच्या आधाराने राहते. वाळवंटाशी त्याचा काही संबंध नाही. कडक थंडी, कडक ऊन आणि कुंडीत साचलेले पाणी, तिन्ही त्याला सोसत नाहीत.

दुसरा नाजूक निवडुंग ऑफिसच्या टेबलावर सापडतो. हिरव्या तिधारी दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला, नर्सरीत मून कॅक्टस म्हणून मिळणारा. ही दोन झाडे आहेत. वरचा गोळा मूळ पॅराग्वेकडच्या जातीचा, पण हरितद्रव्य गमावलेला. स्वतःचे अन्न त्याला करता येत नाही. १९४० च्या दशकात जपानी बागाइतदारांनी असल्या रंगीत रोपांना दुसऱ्या निवडुंगावर कलम करून जगवले आणि पुढे दक्षिण कोरियाने त्याचा जगभर व्यापार उभा केला. खालचा दांडा त्याला पोसतो, आणि तो दांडा ड्रॅगन फ्रूटच्याच गोतावळ्यातला. हिवाळ्यात हे जोडपे मरते तेव्हा लोक लाल गोळ्याकडे बघत हळहळतात. मुळात आधी दांडा गेलेला असतो. उष्ण प्रदेशातला असल्याने पारा दहाच्या खाली गेला आणि माती ओली राहिली की तो तळापासून नासू लागतो.

तिसरा ड्रॅगन फ्रूट स्वतः, आणि तो आता कुंडीतून शेतात गेला आहे. जून २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावचे ड्रॅगन फ्रूट दुबईला निर्यात झाले, त्याच वर्षी जानेवारीत गुजरात सरकारने या फळाचे 'कमलम' असे बारसे केले. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून लागवडीला अनुदान आहे. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत मुरमाड, खडकाळ जमिनीवर त्याचे प्रयोग झाले. विदर्भातल्या शिवारातही सिमेंटचे खांब, प्रत्येक खांबाला चार वेल, वर आधाराला गोल कडे, अशा रांगा दिसू लागल्या आहेत. निवडुंग बांधावरून वावरात आला, ही गोष्ट वऱ्हाडातल्या मागच्या पिढीला कुणी सांगून पटली नसती.

या तिघांना जगवण्याचे शास्त्र ज्या पुस्तकांतून आपल्याकडे आले, ती बहुतेक युरोपात लिहिलेली. ऑक्टोबरात पाणी तोडा, मार्चपर्यंत थेंब देऊ नका, झाड काचघरात ठेवा. लंडनमध्ये हे बरोबरच आहे. तिथे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारते, ऊन नाही, ऊब नाही, झाड पाणी पिणार कशाला? बुलढाण्यात जानेवारीच्या दुपारी पारा २७-२८ अंशांवर असतो आणि आभाळ लख्ख. ऑक्टोबरापासून कोरडे ठेवलेले ब्रह्मकमळ संक्रांतीपर्यंत सुरकुतून लोंबायला लागते. उलट मध्य मेक्सिकोच्या पठाराचे पंचांग पाहिले तर आपल्याच ओळखीचे वाटावे. पाऊस जून ते सप्टेंबर, मग कोरडा हिवाळा, उन्हाच्या दुपारी आणि गार रात्री. पिवळ्या काट्यांचा तो भला मोठा गोल पिंपासारखा निवडुंग तिथल्या केरेतारो भागातला. त्याच्या मूळ वस्तीचा मोठा तुकडा १९९० च्या दशकात एका धरणाच्या पाण्याखाली गेला, आणि रानात दुर्मीळ झालेले हे झाड जगभरच्या नर्सऱ्यांमध्ये ढिगाने विकले जाते. बुलढाण्याच्या पठारावर त्याला हिवाळ्यात काही करावे लागत नाही. डोक्यावर पत्रा असला आणि पाणी बंद असले की भागले.

म्हणजे जपायचे ते मेक्सिकोच्या पठारावरच्याला नव्हे. जंगलातल्या आणि उष्ण प्रदेशातल्याला जपायचे.

पाण्याचे गणित नीट कळायला या झाडांचा एक विक्षिप्तपणा समजून घ्यावा लागतो. बाकीची झाडे दिवसा रंध्रे उघडतात, निवडुंग रात्री उघडतो. रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा दारे बंद करून सूर्यप्रकाशात त्याचे अन्न करायचे. पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. त्यामुळे १२ ते १५ अंशांची बुलढाण्याची साधी हिवाळी रात्र त्याला जाचक नाही, कामाची आहे. जाचक होते ती थंडीची लाट, आणि तीही मुळे ओली असतील तर. थंड मातीत मुळांचे काम मंदावते, पाणी तसेच राहते आणि बुरशीला आयते घर मिळते. कोरड्या कुंडीतले झाड मात्र अंगातला रस घट्ट करून बसलेले असते. तोच गारठा ते निभावून नेते.

रिवाज म्हणून रोज सकाळी तुळशीला पाणी घालणारा हात ओघात शेजारच्या कुंडीतही तांब्या रिकामा करतो. हिवाळ्यात कितीतरी निवडुंगांचा बळी इथे जातो. ब्रह्मकमळाला दहा-बारा दिवसांनी, तेही ऊन वर आल्यावर, माती नुसती ओलसर होईल इतके पाणी पुरते. मून कॅक्टसला त्याहून कमी. काटेरी गोळ्यांना महिन्यातून एकदा दिले तरी चालते, आणि जिजाऊ जयंतीच्या, म्हणजे १२ जानेवारीच्या मागेपुढे उत्तरेचा वारा झोंबायला लागला की तेवढेही नको. कुंडी उचलून पाहावी. वजन लागले तर तांब्या परत न्यावा.

माती हा बुलढाण्याचा खास प्रश्न. कापसा-सोयाबीनला सोन्यासारखी असलेली काळी माती निवडुंगाला काळ. ओली झाली की आठवडाभर सुकत नाही, सुकली की भेगाळून मुळे तोडते. कुंडीत तिचा चमचाभर अंश पुरे. बाकी मुरूम, भरड वाळू, विटांचे तुकडे, थोडे कुजलेले शेणखत. खडी-क्रशरवरची बारीक कच मिळाली तर उत्तम, या जिल्ह्यात काळ्या पाषाणाची वाण नाही. ब्रह्मकमळाला मात्र पालापाचोळ्याचे खत आणि नारळाच्या शेंड्या जास्त लागतात, त्याचे मूळ घरच तसे.

घाटाखाली यात आणखी एक भर पडते. पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोल्यातून तो शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडे येतो. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी माणसांनाच पुरेसे गोड नाही. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसली की समजावे, मुळांची टोके आतून जळत आहेत. पाऊस असताना ते क्षार धुऊन जातात, हिवाळ्यात थोडे थोडे पाणी घातल्याने साचत जातात. पावसाळ्यात पन्हाळीखाली दोन पिंपे भरून झाकून ठेवणारा माणूस तिथे शहाणा. थोड्या कुंड्यांच्या हिवाळ्याला तेवढे पाणी पुरून उरते.

आणि तरीही एखादा कुजतो. तेव्हा रडत बसण्यापेक्षा चाकू हातात घ्यावा. ड्रॅगन फ्रूटचा किंवा मून कॅक्टसचा दांडा मातीलगत बोटाने दाबून पाहावा. निरोगी दांडा काकडीसारखा टणक लागतो, नासलेला दबतो आणि त्यातून पिवळट पाणी येते. धारदार पाते स्पिरिटने पुसून नासलेल्या भागाच्या वर आडवा छेद घ्यायचा. कापलेल्या तोंडात मधोमध फिकट वर्तुळ दिसते, तो रसवाहिन्यांचा भाग. त्या वर्तुळात एक जरी तांबूस ठिपका असेल तरी रोग अजून वर चढलेला आहे. पाते पुन्हा पुसून आणखी वर कापायचे, ठिपका संपेपर्यंत. मग छेदावर गंधकाची भुकटी लावून तो तुकडा सावलीत उभा ठेवायचा. पावसाळ्यात आठवड्यात खपली धरते, जानेवारीत दोन-तीन आठवडेही लागतात. धीर सुटतो तो इथे. खपली धरलेला तुकडा लगेच मातीत खोचून पाणी घातले की सगळा खटाटोप फुकट. कोरड्या वाळूवर नुसता टेकवून फेब्रुवारीची वाट पाहावी. अंगात साठवलेल्या पाण्यावर तो तोवर आरामात काढतो.

हिवाळ्यात झाडे एकमेकांना चिकटवून आडोशाला ठेवली जातात, तेव्हा पिठ्या ढेकूणही हात धुऊन घेतो. काट्यांच्या बुडाशी, दोन कडांच्या सांध्यात कापसाचे पांढरे पुंजके दिसतात. कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावून ते टिपून काढता येतात, आठवड्याने पुन्हा बघावे लागते. शेंड्यापाशी तांबूस, गंज चढल्यासारखी छटा आली तर तो लाल कोळी. कोरडी हवा त्याला मानवते.

पिठ्याच्याच लांबच्या नात्यातल्या एका किड्याने मात्र हिंदुस्थानचा इतिहास रंगवायचे मनावर घेतले होते. रंगवणे अगदी शब्दशः. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून गडद किरमिजी रंग मिळतो आणि त्यावर स्पेनची मक्तेदारी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लाल डगल्यांना तोच रंग लागे. ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा आपल्या मुलखात हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलमधून किडा कलकत्त्यास आणला गेला, पण आला तो भलताच, रंगाला हलका आणि भुकेला जबर. रंगाचा व्यापार फसला. किड्याने मात्र उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातली फड्याची एक जातच खाऊन साफ करायला घेतली. ते पाहून १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो दक्षिणेत मुद्दाम नेऊन सोडण्यात आला. तणावर मुद्दाम कीटक सोडून त्याचा बंदोबस्त करण्याचा जगातला पहिला प्रयोग म्हणून आज तो अभ्यासला जातो. उरलेली दुसरी काटेरी जात या किड्याला पचेना, तिच्यासाठी १९२६ मध्ये सिलोनमार्गे त्याचा दुसरा भाऊबंद आणावा लागला. आजही बांधावरच्या एखाद्या फड्यावर पांढरा कापूस दिसला तर काडीने चिरडून पाहावा. किरमिजी डाग उमटतो. बांधावरून असा किडा वाऱ्याबरोबर गच्चीतल्या फड्यापर्यंत येऊ शकतो. पाहुण्याने दिलेले फड्याचे पान कुंडीत लावण्याआधी उलटून पाहण्याची सवय बरी.

शेतातल्या ड्रॅगन फ्रूटचा हिवाळा वेगळ्या कामांत जातो. फळे संपली की डिसेंबर-जानेवारीत छाटणी. कड्यावर दाटी करून बसलेल्या जुन्या फांद्या काढायच्या, कापलेल्या तोंडांना बुरशीनाशक लावायचे, पाणी तोडायचे. दिवस लहान असेपर्यंत हे झाड फुलत नाही. व्हिएतनामचे शेतकरी म्हणूनच हिवाळ्यात रात्री बागेत दिवे लावून त्याला दिवस मोठा झाल्याचे भासवतात आणि अवेळी फळ घेतात. रात्री वीज कधी येईल याची खात्री नसलेल्या वावरात तो प्रयोग कुणी सुचवू नये.

बुलढाण्याच्या हिवाळ्यात निवडुंगाला सगळ्यांत मोठा घात थंडीचा होत नाही, अवकाळीचा होतो. कोरड्यात निवांत पडलेल्या झाडावर डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस पाऊस, लगेच मागून गार वारा, हे समीकरण त्याला झेपत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भ विसरलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर पुन्हा अवकाळी आणि गारा आल्या, आणि देऊळगावराजा-सिंदखेडराजा-लोणार पट्ट्यातल्या बीजोत्पादनाच्या शेडनेटना त्याचा तडाखा बसला. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीवरून अवकाळीचेही भाकीत सांगतात. ते ऐकावे, पण कुंडीवर पत्राही टाकावा. गार पडून निवडुंगाला झालेली जखम आयुष्यभर तशीच दिसते. नवी साल येऊन ती झाकली जात नाही. झाड जगते, डाग राहतो.

आडोसा मोठा लागतो असे नाही. घाटावर वाऱ्याच्या बाजूला भिंत हवी, दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी किंवा विटांची, दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारी. घाटाखाली भिंतीपेक्षा छप्पर महत्त्वाचे, कारण उष्णता वर आभाळाकडे निघून जाते. गोठ्याच्या टिनाखाली, लिंबाच्या फांदीखाली ठेवलेली कुंडी उघड्या अंगणातल्या कुंडीपेक्षा दोन अंशांनी तरी सुखात असते. कुंडी जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा विटांवर ठेवली की साचलेल्या गार हवेच्या वर राहते. लाट आली त्या रात्रीपुरते जुने धोतर, सुती लुगडे वरून टाकावे आणि सकाळी काढावे. प्लास्टिक गुंडाळू नये, आतून घाम धरते. ब्रह्मकमळ घरात न्यायचेच असेल तर खिडकीशी न्यावे. देव्हाऱ्याच्या अंधारात ठेवल्याने भक्ती वाढत असेल, फांद्या मात्र पिवळट आणि लांबुडक्या होतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर दुपार तापायला लागते आणि बहुतेकांची चूक तेव्हा होते. तीन महिने आडोशाला राहिलेली कुंडी एकदम उन्हात नेली जाते. बुलढाण्याच्या घाटाखाली एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. ड्रॅगन फ्रूटचे दांडे चाळिशीच्या आसपासच भाजून पिवळे पडतात, आणि सावलीत वाढलेल्या ब्रह्मकमळाला मार्चचे ऊनही पांढरे करून टाकते. हिवाळ्यातून सुखरूप निघालेली झाडे इथे उन्हाळ्यात जास्त मरतात, हे कुंड्या सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हा आधी सकाळचे तासभर ऊन, मग आठवड्याआठवड्याने वाढवत न्यायचे, पाणीही तसेच बेताबेताने. आणि निम्मी सावली देणारे हिरवे शेडनेट होळीच्या आधी टांगून टाका. घाटाखाली असाल तर त्याहूनही पंधरा दिवस आधी.